माणसं कमी पडली

पाणी कमी पडलं, ज्वारी कमी पडली, कडबा कमी पडला, हे शरणबसप्पाला समजण्यासारखं होतं. त्या साली सगळ्या तालुक्याला तेच कमी पडलं होतं. पण घरात माणसं कमी पडली म्हणून बायकोचं ऑपरेशन अडावं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

चावडीत तो बाकड्याच्या टोकाला बसला होता. समोर बलभीम तलाठी. तलाठ्याच्या डोक्यावर, भिंतीला, सरकारनं लाल त्रिकोण रंगवून घेतलेला. त्याखाली चार हसरी तोंडं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत : लहान कुटुंब, सुखी कुटुंब.

"भाऊसाहेब, आमचं तर लई लहान हाय की," शरणबसप्पा म्हणाला. "म्या आन् सिद्धम्मा. दोनच."

"तेच नडतंय, अप्पा."

"म्हंजी?"

"तुमाला दूध सोसायटीचा पगार. त्याला दोनानं भागलं की तुम्ही काय गरीब ऱ्हात न्हाय. दवाखान्याची ही मदत माणशी मिळकत बघून हाय. खाणारी तोंडं सात-आठ असती, तर म्या डोळे झाकून सही केली असती. ऑपरेशन, औषध, रक्त, सोलापूरपतूर एस.टी.चं भाडं, समदं सरकारचं."

शरणबसप्पानं वर पाहिलं. चित्रातला बाप हसत होता. त्याला अजून दवाखाना लागला नसावा.

सोसायटीत शरणबसप्पा मापाडी होता. जळकोटपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात निम्मी जनावरं छावणीला गेली होती, उरलेली हाडं घेऊन दारात उभी होती. दोन्ही वेळचं मिळून एक कॅन भरत नव्हता. तो मापाचं भांडं घासूनपुसून ठेवी, आणि महिना भरला की पगार घेई. हा पगार आपल्याला श्रीमंत करून ठेवतो, हे त्याला आज प्रथमच कळलं, आणि तो दबून गेला.

सिद्धम्माच्या पोटात गाठ होती. दिवाळीच्या आधीपासून ती कमरेत वाकून चालायची. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि सांगितलं, "उन्हाळा संपायच्या आत काढा. पावसाळ्यात आणलंत तर मी हात लावणार नाही." वाकलेल्या बाईला घेऊन शरणबसप्पा घरी आला तो या मदतीच्या भरवशावर.

"भाऊसाहेब, धाकटा भाऊ हाय की माझा. गुंडाप्पा. त्येची बायको, पाच पोरं, आमची म्हातारी. एकाच घरात ऱ्हातो आमी. ती धरा."

तलाठ्यानं चष्मा काढला. "एका घरात न्हाय. मधी भिंत हाय. ती म्या मोजलीया."

मोजली होती खरी. "एका चुलीवर जेवतो त्यो एका घरचा, असा नेम हाय," तलाठी म्हणाला, "भिंत पाडा, चूल एक करा, कार्ड एक करा, मग समदी धरतो."

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला, तेव्हा बलभीम तलाठी नवाकोरा होऊन याच गावात आला होता. पुढं जिल्हाभर बदल्या खाऊन, केस पिकवून, तो फिरून इथंच आला. त्या वर्षी मिलो कार्डामागं मिळे. घर मोठं असो की लहान, माप तेच. मग गावानं शहाणपण केलं आणि कार्डं फोडली. कार्ड फोडायचं तर चूल वेगळी लागे, आणि चूल वेगळी दाखवायची तर मधी भिंत लागे. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण भिंतीचा चिखल कालवायला प्रत्येक घरातून चार घागरी निघाल्या. शरणबसप्पा आणि गुंडाप्पानं हसत-खिदळत, एकमेकांच्या तोंडाला चिखल फासत, सैपाकघराच्या मधोमध भिंत उभी केली. तलाठी पंचनाम्याला आला. त्यानं भिंतीला बोट लावलं. बोट आत गेलं.

"ओली हाय," तो म्हणाला.

"भाऊसाहेब," गुंडाप्पा हात जोडून म्हणाला, "आमचं भांडणच ताजं हाय."

तलाठ्यानं तसंच लिहून घेतलं. दोन कार्डं झाली.

पाऊस पडला की भिंत पाडायची, असं ठरलं होतं. पण मिलोची पोती घरात आली त्याच संध्याकाळी वाटणीवरून शब्द निघाला. कडेवर एक, पदराला एक पोर घेऊन रुद्रम्मा, गुंडाप्पाची बायको, थोरल्या जावेला म्हणाली, "निम्मी-निम्मी कशापायी, अक्का? तोंडं समदी आमच्याकडं. तुमच्या घरात खायाला हाय कोण?"

सिद्धम्माला मूल नव्हतं. सकाळी उठून तिनं शेण कालवलं, आणि आपल्या बाजूनं ती भिंत नीट, कोपऱ्यापर्यंत, बोटं उमटवत सारवून घेतली. भिंत सरकारसाठी बांधली होती. त्या दिवशी ती घराची झाली.

पुढं किती पाऊस पडले. भिंत वाळत गेली. फक्त म्हातारी चन्नम्मा, दोघांची आई, अमावस्येच्या अमावस्येला गाठोडं उचलून भिंतीला वळसा घालून इकडून तिकडं जाई. तिचीही वाटणी झालेली होती.

चावडीतून परतल्यावर शरणबसप्पानं बायकोला काही सांगितलं नाही. सिद्धम्मा सैपाकघरात जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला घट्ट टेकून. गेले काही महिने संध्याकाळ झाली की ती तिथंच येऊन बसे. तेवढ्या एका जागी पाठ लावली की तिचं कण्हणं हळूहळू थांबे.

"या भितीला ऊब हाय बगा," ती म्हणाली. "देवाची करनी."

"देवाची न्हाय. उन्हाची हाय," सोसायटीत नोकरी असल्यामुळे शरणबसप्पाला बरंच कळत असे. "माती दिसभर ऊन पिती आन् सांजच्याला सोडती."

ती भिंत घराच्या मधोमध होती आणि तिच्यावर कधी ऊन पडत नव्हतं, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

दिवेलागणीला शरणबसप्पा टोपी घालून निघाला. स्वतःच्या भावाकडं जायला त्याला रस्त्यावर यावं लागलं, लिंबाला वळसा घालावा लागला, आणि दोन शेजाऱ्यांच्या "कुटं निगालात, अप्पा?" ला तोंड द्यावं लागलं. गुंडाप्पाच्या उंबऱ्यावर तो थांबला. घोंगडं कुणी अंथरलं नाही. तो उंबऱ्यावरच टेकला.

गुंडाप्पा आणि रुद्रम्मा नुकतेच पाझर तलावाच्या कामावरून आले होते. दोघांच्या पापण्यांवर खडीची पांढरी धूळ. रुद्रम्मा हाताला गुंडाळलेल्या चिंध्या सोडत होती. चिंधी कातड्याला चिकटली होती, ती पाण्याचा थेंब टाकून अलगद सुटी करत होती. तिनं दिराकडं पाहिलं नाही. डोईवरचा पदर मात्र पुढं ओढला.

शरणबसप्पानं चावडीतलं सगळं सांगितलं. सांगताना त्याला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

गुंडाप्पा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "अण्णा," तो शेवटी म्हणाला, "इतक्या वर्सांनी उंबऱ्याला आलात, ते आमाला मोजायला आलात व्हय?"

शरणबसप्पा खरंच मोजायला आला होता.

"म्या न्हाय म्हनत न्हाय. पर भाऊसाहेब काय म्हनले? भित पाडायची, चूल एक करायची, कार्ड एक करायचं. म्हंजी आमचं कार्ड जमा. रॉकेल गेलं, साखर गेली, तेल गेलं. या सालात! पाच पोरं हायत मला."

"तम्मा, ती मरंल रं."

आत अंधारात बसलेल्या म्हातारीनं खाकरून घसा साफ केला. हा तिचा धाकट्याकडचा महिना होता. "भित बांधताना मला इचारलं व्हतं का कुनी?" ती म्हणाली. "मग आता पाडतानाबी मला इचारू नगा. लवकर पाडा, एवढंच. मला वळसा घालवंना आता."

रुद्रम्मा उठली, चिंध्या दोरीवर टाकल्या आणि आत गेली. शरणबसप्पा तोच निरोप समजला. टोपी सारखी केली, लिंबाला वळसा घातला आणि घरी आला.

सकाळी सोसायटीला जायच्या तयारीत तो तोंड धूत असताना सैपाकघराची भिंत हादरली. धप्प. पुन्हा धप्प. सिद्धम्मा अंथरुणातून कोपरावर उठली. भिंतीच्या फळीवरचे डबे खुळखुळले आणि एक खाली पडला. मग सारवणाला भेग पडली, आणि त्या भेगेतून पहारीचं टोक आत आलं. इकडं-तिकडं हललं आणि पुन्हा मागं गेलं.

पलीकडं रुद्रम्मा होती. तिनं कामावर जायच्या आधी पदर कमरेला खोचला होता आणि कामावरची पहार हातात घेतली होती. गुंडाप्पा मागं उभा राहून, "अगं हळू, अगं छत हाय वर," असं म्हणत होता, आणि ती खडी फोडणाऱ्या बाईच्या लयीत, श्वास सोडत, घाव घालत होती.

शरणबसप्पानं खुरपं घेतलं आणि आपल्या बाजूनं उकरायला लागला. दूध मोजून मोजून त्याचे हात मऊ झाले होते. जरा वेळात तळव्याला फोड आला. वरची माती भसाभस ढासळत होती. आत त्या सालचा भुसा अजून पिवळाजर्द. एका ढेकळात गुंडाप्पाच्या पंज्याचा ठसा निघाला, पाची बोटं. आणि त्याच्याच बाजूला शरणबसप्पाचा. दोघांनी भगदाडातून एकमेकांकडं पाहिलं आणि नजरा फिरवल्या.

भिंत गुडघ्याइतकी उरली, तेव्हा पहार खणकन वाजली.

रुद्रम्मा थांबली.

पुन्हा घाव घातला असता तर बरं होतं. पण ती थांबली, म्हणून सगळ्यांचं तिकडं लक्ष गेलं. सगळी भिंत ढेकळांनी पडली होती, आणि एवढी एक जागा, तव्याएवढी, जमिनीलगत, तशीच उभी होती. पलीकडून काळीकुट्ट. आतून लाल. भट्टीतून काढलेल्या विटेसारखी भाजून निघालेली. आणि तिला अगदी चिकटून रुद्रम्माची चूल.

शरणबसप्पा पाहतच राहिला. भिंत बांधली तेव्हा ती चूल पलीकडच्या कोपऱ्यात होती. त्यानंच दगड रचून दिले होते. "चूल... हितं कवा आनली?"

रुद्रम्मा पहारीला टेकून उभी होती.

"दिवाळीपासनं," म्हातारी म्हणाली. ती ढिगाऱ्याच्या कडेला येऊन बसली होती, बाजारात बसावं तशी निवांत. "हिला पल्याडचं कन्हणं ऐकू यायचं. मग हिनं चूल हालवली. रोज भाकरी झाल्या की इंगळ मागं सारती, भितीला. पोरांना म्हनती, तिकडं हात लावू नगा."

"अव्वा! तू म्हैन्या-म्हैन्याला तिकडं येतीस. सांगितलं न्हायस?"

"मला इचारलं कुनी? तू तर म्हनलास, उन्हाची ऊब हाय. तू नोकरीतला मानूस. म्या काय बोलनार?"

शरणबसप्पा खाली बसला. त्यानं फोड आलेला तळवा त्या लाल मातीवर ठेवला. सकाळच्या चुलीची धग तिच्यात अजून होती. गावात जळण कुठून येतं, हे त्याला माहीत होतं. जनावरं छावणीत, तर शेणकूट नाही. तुरी वाळून गेल्या, तर तुराट्या नाहीत. तलावावरून येताना बाया वाटेच्या काटक्या वेचत येतात, पाच भाकरींना पुरतील न पुरतील एवढ्या. त्यातल्या काटक्यांचे इंगळ ही बाई महिनोन्महिने एका भिंतीला घालत होती, आणि त्या भिंतीपलीकडं आपण बसून उन्हाचं शास्त्र सांगत होतो. देवळात टेकावं तसं त्यानं कपाळ त्या मातीला टेकवलं. कपाळाला काजळी लागली, ती दिवसभर तशीच राहिली.

सिद्धम्मा भिंत धरून, म्हणजे जिथं भिंत होती तिथली हवा धरून, वाकत वाकत आली. तिनं ती भाजलेली जागा पाहिली, चूल पाहिली. मग जावेचे चिंध्या गुंडाळलेले हात पाहिले.

"रुद्रम्मा," ती म्हणाली, "भाकरीला जळण पुरंना, आन् भितीला घालतीस व्हय गं?"

"अक्का, मागं सरा," रुद्रम्मा म्हणाली. "पहार लागंल."

आणि तिनं ते भाजलेलं ढेकूळ फोडलं नाही. कडेनं माती उकरून ते अख्खं मोकळं केलं.

सोमवारी तलाठी चौकशीला आला. घर आरपार मोकळं होतं. भिंतीच्या जागेवर सारवलेला पट्टा होता, आणि एकच चूल पेटलेली. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत होतं. एका ओळीत सगळी बसली होती : म्हातारी, भाऊ, पोरं, आणि टोकाला, उशीला टेकून, सिद्धम्मा. धाकटं पोर तिच्या मांडीवर. त्याला अजून ती कोण हे नीट ठाऊक नव्हतं, पण मांडी मऊ होती.

तलाठ्यानं खाली वाकून सारवलेल्या पट्ट्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"ओलं हाय," तो म्हणाला.

"भाऊसाहेब," गुंडाप्पा हात जोडून म्हणाला, "आमचा समेटच ताजा हाय."

तलाठ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण सरकारी माणूस हसला तर त्याचाही पंचनामा होतो, म्हणून त्यानं कागद काढला. "हं. बोला. या घरात खायाला हाय कोण कोण?"

माडग्याचा बुडबुडा फुटलेला ऐकू आला. तलाठ्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्यानं आपला नियम विचारला होता. पण शरणबसप्पाच्या हातातलं भांडं थांबलं, आणि सिद्धम्मानं मांडीवरच्या पोराच्या टाळूवर नजर रोवली.

रुद्रम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली,

"आदी अक्काला धरा. मग बाकीची."

तलाठ्यानं सिद्धम्माचं नाव पहिलं लिहिलं. मग म्हातारीचं, मग उरलेल्यांची. "ह्ये मांडीवरचं कुनाचं?"

"या चुलीचं," रुद्रम्मा म्हणाली. "तुमचा नेम तसाच हाय न्हवं?" आणि पिठाच्या हातानं फळीवरून आपलं कार्ड काढून तिनं त्याच्यापुढं ठेवलं. गुंडाप्पानं त्या कार्डाकडं, दावणीचा बैल बाजारला निघाल्यावर बघतात तसं, एकदा पाहिलं.

तलाठी उठायला लागला तसा म्हातारीनं त्याचा सदरा धरला. "जेवनाच्या वक्ताला आलेला मानूस उपाशी उंबरा वलांडत न्हाय आमच्यात. बस."

तो बसला. माडगं भुरकलं, भाकरी मोडली. खाऊन झाल्यावर म्हातारी त्याच्याकडं टक लावून म्हणाली, "या चुलीवर जेवतो त्यो या घरचा, असं तूच म्हनलास न्हवं?"

"व्हय, आजी."

"मग तुलाबी धर. आमची अजून कमी पडत असतील तर."

तलाठ्याला ठसका लागला. पाठीवर थापटायला शरणबसप्पाच उठला.

मंजुरी आली. सोलापूरची तारीख मिळाली, आणि एका सकाळी हमरस्त्यावर एस.टी. थांबली. शरणबसप्पाला आत चढल्यावर पुन्हा एकदा त्या सरकारची कमाल वाटली. या हातानं भिंत बांधायला लावली, त्या हातानं पाडायला लावली, आणि दोन्ही वेळा बोट घालून ओलावा पाहिला. एवढं मोठं सरकार, पण ऊब कुठून येत होती, ते त्यालाही कळलं नव्हतं. त्यालाच काय, शरणबसप्पालाही नव्हतं.

सिद्धम्मा खिडकीशी बसली. शेजारी रुद्रम्मा. रक्त सरकारचं आहे, असं सगळ्यांनी तिला समजावून सांगितलं होतं; ती म्हणाली, "असू दे. कमी पडलं तर?" आणि चिंध्या सोडून, हात धुऊन ती निघाली होती. सिद्धम्मानं पोटाशी धडप्यात गुंडाळलेलं एक जड गाठोडं धरलं होतं.

कंडक्टर आला. "बाई, काय हाय ह्यात? वजन दिसतंय. लगेज पडंल."

"भित हाय," सिद्धम्मा म्हणाली.

कंडक्टरनं आयुष्यात कोंबड्या, मडकी, नवऱ्या मुली, सगळं नेलं होतं. त्यानं गाठोड्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"अहो, ही तर गरम हाय!"

"असनारच," सिद्धम्मा म्हणाली आणि गाठोडं पोटाशी आणखी घट्ट धरलं. "मागं जाऊबाईची चूल हाय."

रुद्रम्मा खिडकीच्या बाहेर, जिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं, तिकडं बघत राहिली.